पटावरचे युद्ध आणि त्याचे नियम

चतुरंग हे नाव उच्चारताच त्या खेळाचे मूळ ध्यानात येते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे. त्यांचा पट मांडून दोन माणसांनी रक्ताचा थेंबही न सांडता लढावे, ही कल्पना भारताने जगाला दिली. इराण आणि अरब देश यांच्या वाटेने तो खेळ युरोपात पोहोचला आणि तेथील राजदरबारांत मान पावला. परंतु एखाद्या अनुभवी सेनापतीला बुद्धिबळाचा पट दाखवून हेच युद्ध काय असे विचारले, तर तो हसून मान हलवील. पटावर दोन्ही बाजूंना सारे काही दिसते. युद्धात समोरच्या टेकडीपलीकडे काय आहे हे कळत नाही. पटावर मोहरा उचलला की तो हलतो. युद्धात हुकूम सुटतो, स्वार निघतो, आणि तो पोहोचेपर्यंत परिस्थिती पालटलेली असते. पटावर घोड्याने प्याद्याला मारले की प्यादे संपले. युद्धात हजारांची फौज शेदोनशेंच्या निर्धारापुढे माघार घेते, असेही घडते. बुद्धिबळात दैवाला मुळीच थारा नाही, तर सारीपाटात दैवावाचून पान हलत नाही. युद्धाचे स्थान या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे.

हे मधले स्थान शोधून काढून त्याला नियमांत बसविण्याचे काम १८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातील एका तरुण लेफ्टनंटने केले. त्याचे नाव गेऑर्ग फॉन राइसवित्स आणि त्याच्या खेळाचे नाव ‘क्रीग्सश्पील’, म्हणजे सरळ मराठीत युद्धखेळ. आज जगभर पटावर जी ऐतिहासिक युद्धे खेळली जातात, त्यांच्या कुळाचा हा मूळपुरुष होय. हे खेळ शिकू पाहणारा मनुष्य सामान्यतः पहिल्याच दिवशी घाबरतो. नियमांची पुस्तिका जाड, कोष्टके अनेक, अपवादांना तर अंत नाही. ही भीती अनाठायी नाही. पण ती चुकीच्या वाटेने शिकू गेल्यामुळे वाढते. नियम पाठ करावयास बसले की ते ओझे होतात. उलट, प्रत्येक नियम ही रणांगणावरील एखाद्या खऱ्या अडचणीची पटावर पडलेली सावली आहे हे ओळखून ती अडचण कोणती असा प्रश्न केला, तर नियम शोधण्यासाठी पुस्तिका वारंवार उघडावी लागत नाही. राइसवित्सचा खेळ या दृष्टीने शिकण्यासारखा आहे.

त्याच्या आधीचे प्रयत्न बुद्धिबळाच्याच घरात घोटाळत होते. ब्राउनश्वाइग येथील गणिताचे अध्यापक हेलविग यांनी १७८० मध्ये एक मोठा पट रचला. त्यात सोळाशेच्या वर घरे होती. कोठे डोंगर, कोठे पाणी, कोठे वस्ती हे घरांच्या रंगांवरून कळे आणि मोहऱ्यांच्या जागी पलटणी व तोफा असत. भूमीला पटावर स्थान मिळाले, ही मोठीच सुधारणा होती. पण भूमी अजून चौकोनांत कोंडलेली होती. नदी घराच्या कडेकडेनेच वाहावयाची आणि सैन्यानेही घरे मोजीतच चालावयाचे.

चौकोनांची ही कैद मोडली ती राइसवित्सच्या वडिलांनी. ते सैनिक नव्हते. ब्रेस्लाउ येथे सरकारी अधिकारी होते आणि युद्धशास्त्र हा त्यांचा छंद होता. हे ब्रेस्लाउ म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ शहर. १८०६ मध्ये नेपोलियनने प्रशियाचा दारुण पराभव केला होता, आणि सैन्याला नव्याने शिकविले पाहिजे ही जाणीव त्या देशात सर्वत्र होती. थोरल्या राइसवित्सनी प्रथम वाळूवर भूमीची उठावदार आकृती करून तीवर लहान ठोकळे चालविले. राजपुत्रांच्या कानी ही वार्ता गेली, त्यांनी खेळ पाहिला आणि तो राजालाही दाखवावा असे ठरले. राजापुढे वाळू कशी न्यावी, या संकोचाने त्यांनी एक देखणे मेज बनवून घेतले. मेजाच्या खणांत ठोकळे व उपकरणे, आणि माथ्यावर मांडण्यासाठी डोंगर, नद्या, रस्ते, गावे कोरलेले चौकोनी तुकडे. तुकडे हवे तसे जुळवावेत आणि नवी भूमी रचावी. १८१२ साली हे मेज तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याच्या दरबारी पोहोचले आणि राजघराण्याच्या करमणुकीचे साधन झाले. मेज सुंदर होते. पण एकच होते. सैन्याला त्याचा काय उपयोग?

मुलाने मेज बाजूला ठेवले आणि नकाशा घेतला. त्या काळी प्रशियात भूमापनाचे काम जोराने चालले होते आणि चांगले लष्करी नकाशे मिळू लागले होते. १८२४ च्या खेळाचा नकाशा एकास आठ हजार या प्रमाणाचा आहे, म्हणजे प्रत्यक्षातला एक किलोमीटर कागदावर साडेबारा सेंटिमीटर होतो. सैन्याच्या तुकड्या म्हणजे धातूचे लहान ठोकळे, एका बाजूचे तांबडे आणि दुसऱ्या बाजूचे निळे. ठोकळ्याची लांबी मन मानेल तशी नाही. तेवढी फौज रांगेत उभी राहिली तर जितकी जागा व्यापील, तितकीच ती नकाशाच्या प्रमाणात धरलेली आहे. म्हणून अरुंद पुलावर ठोकळा आडवा मावत नाही, त्याला रांग मोडून जावे लागते. हे सांगण्यासाठी वेगळा नियम लागत नाही. नकाशा आणि ठोकळा यांच्या मापातच तो नियम दडलेला आहे. शिकणाऱ्याने पहिला पाठ येथे घ्यावा. नकाशापुढे बसून नुसते एक गाव, एक पूल आणि एक टेकडी पाहावी व एक ठोकळा एका ठिकाणाहून दुसरीकडे नेऊन पाहावा. शत्रूला अजून पटावर आणू नये.

दुसरा पाठ काळाचा. खेळातील एक फेरी म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे. एवढ्या अवधीत पायदळ किती चालेल, घोडदळ दुडक्या चालीने किती जाईल आणि चौखूर उधळले तर किती, तोफा रस्त्यावरून किती आणि नांगरलेल्या शेतातून किती, हे सारे ठरवून दिलेले असते. अंतर घरे मोजून नव्हे, तर मापपट्टी लावून काढतात. चढणीवर चाल मंदावते, दलदलीत जवळजवळ थांबते. तासाभराची लढाई खेळावयाची म्हणजे तीस फेऱ्या. सुरुवातीच्या खेळाडूला हे फार संथ वाटते. पण हा संथपणाच त्याचा गुरू असतो. नकाशावर बोटभर दिसणारे अंतर पायी चालून जाण्यास किती वेळ घेते, ही गोष्ट पुस्तकात वाचून उमगत नाही. फेरीमागून फेरी संपते आणि ठोकळा अजून वाटेतच असतो, तेव्हा ती अंगी मुरते.

तिसरा पाठ हुकुमांचा, आणि येथे हा खेळ बुद्धिबळापासून कायमचा दूर जातो. खेळाडू आपले ठोकळे स्वतः हलवीत नाही. तो कागदावर हुकूम लिहितो आणि पंचाच्या हाती देतो. तो हुकूम संबंधित तुकडीपर्यंत जाण्यास जितका वेळ लागेल तितक्या फेऱ्या पंच थांबतो आणि मगच त्याची अंमलबजावणी करतो. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, निळा सेनापती एका गावात आहे आणि त्याची एक तुकडी दोन किलोमीटर पुढे पुलाचे रक्षण करीत आहे. पुलावरील पहारेकऱ्याला समोरून अठराशे मीटरवर तांबडे पायदळ येताना दिसले. वार्ताहर स्वार एका फेरीत चारशे मीटर दौडतो असे धरले, तर बातमी सेनापतीला पाच फेऱ्यांनी मिळेल. पायदळ फेरीला दीडशे मीटर चालत असेल, तर एवढ्यात ते साडेसातशे मीटर पुढे आलेले असेल. सेनापतीच्या हातातील चिठ्ठी अठराशे मीटर म्हणते. खरे अंतर हजारपन्नास आहे. त्याने तत्काळ पूल मोडा असे लिहिले, तरी तो हुकूम पुलावर पोहोचण्यास आणखी पाच फेऱ्या हव्यात. तोवर शत्रू तीनशे मीटरवर येऊन ठेपला, आणि पूल मोडण्यास उरल्या दोन फेऱ्या, म्हणजे चार मिनिटे.

या उदाहरणात एकही फासा पडलेला नाही, एकही गोळी सुटलेली नाही. तरी लढाई जवळजवळ हरलेली आहे. हे ज्याच्या ध्यानात आले तो पुढच्या डावात पुलावरील अधिकाऱ्याला आधीच लिहून ठेवील की, शत्रू दिसताच विचारीत बसू नका, पूल मोडा. असे तो लिहू लागला की खेळाचा अर्धा अभ्यास झाला असे समजावे. हाताखालच्या माणसाला हेतू समजावून द्यावा आणि प्रसंगी निर्णयाचे स्वातंत्र्यही द्यावे, हे तत्त्व राइसवित्सने कोठेही उपदेश म्हणून सांगितलेले नाही. त्याने केवळ चिठ्ठी पोहोचण्यास वेळ लागतो एवढाच नियम केला. बाकीचे शिक्षण तो नियमच देतो.

चौथा पाठ दृष्टीचा. दोन्ही पक्ष एकाच खोलीत एका नकाशाभोवती उभे असले, तरी सगळे ठोकळे नकाशावर नसतात. जी तुकडी शत्रूला दिसू शकत नाही, म्हणजे टेकडीआड, रानात किंवा गावाच्या घरांमागे आहे, ती पटावर मांडली जात नाही. तिची जागा फक्त पंचाला आणि तिच्या धन्याला ठाऊक असते. पुष्कळदा दोन्ही पक्षांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवितात आणि प्रत्येकाला पंच तेवढेच सांगतो, जेवढे त्या जागेवरून दिसेल. मोकळा नकाशा पाहून खेळाडूला आनंद व्हावयास नको. तेथे शत्रू नाही असा त्याचा अर्थ नसून, शत्रू दिसत नाही एवढाच आहे. ‘नाही’ आणि ‘दिसत नाही’ यांतील हे अंतर नवशिक्या खेळाडूला पहिल्या दोन-तीन डावांत चांगलेच महाग पडते. म्हणून टेहळणीसाठी चार स्वार खर्ची घालण्यास कुरकुरणारा खेळाडू लवकरच उदार होतो.

पाचव्या पाठात फासा येतो. बंदुकांच्या व तोफांच्या माऱ्याने शत्रूचे किती नुकसान होईल, हे आधी सांगता येत नाही; परंतु ते अगदीच बेहिशेबी असते असेही नाही. प्रशियाचे सेनानी शार्नहोर्स्ट यांच्या काळी अंतर वाढत जाते तशी माऱ्याची परिणामकारकता कशी घटते, याच्या पद्धतशीर चाचण्या झाल्या होत्या. राइसवित्सने त्या माहितीचा आधार घेतला आणि अंतर, तुकडीचे बळ व परिस्थिती यांनुसार वापरावयाचे खास फासे तयार केले. पंच फासा टाकतो आणि त्यावरील आकडा नुकसान सांगतो. जवळचा मारा बहुधा भारी पडतो, पण एखादे वेळी फुकटही जातो. दूरचा मारा बहुधा फुकट जातो, पण एखादे वेळी वर्मी लागतो. म्हणजे येथे दैव आहे, पण त्याला मोकाट सोडलेले नाही. अनुभवाने आखून दिलेल्या कुंपणातच त्याने फिरावयाचे आहे. नुकसानही बुद्धिबळासारखे एकदम होत नाही. तुकडीचे बळ हळूहळू झिजते, पंच त्याची नोंद ठेवतो आणि ठराविक झीज झाली की मोठा ठोकळा काढून लहान ठोकळा ठेवतो.

हातघाईच्या लढाईसाठी दोन्ही बाजूंच्या बळाचे प्रमाण काढून त्या प्रमाणाचा फासा निवडावयाचा असतो. येथेही निकाल नुसता जय किंवा पराजय असा नसतो. पराभवाच्या पायऱ्या केलेल्या आहेत. एखादी तुकडी केवळ मागे रेटली जाते, एखादी मोडते, आणि एखादीची पुरती दाणादाण होते. मोडलेल्या तुकडीला पुन्हा उभी राहण्यास काही फेऱ्या द्याव्या लागतात. तोवर ती पटावर असून नसल्यासारखी असते. जिंकलेली तुकडीही विस्कळित झालेली असते आणि तिला लगेच दुसरीकडे झोकता येत नाही. माणसे लाकडाची नसतात, ती दमतात, भितात, आणि विजयानेही काही काळ भांबावतात, हे सत्य धातूच्या ठोकळ्यांच्या खेळात अशा रीतीने आणलेले आहे. ज्याने आपली राखीव फौज पहिल्या तासातच खर्चून टाकली, त्याला या नियमाचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही.

शेवटचा आणि सर्वांत कठीण पाठ पंचाचा. राइसवित्सच्या पुस्तकात पंचाला दिलेल्या जर्मन शब्दाचा अर्थ ‘विश्वासातला माणूस’ असा आहे, आणि तो फार समर्पक आहे. दोन्ही बाजूंची गुपिते त्याला ठाऊक असतात. प्रसंगाची कथा तोच रचतो. प्रत्येक पक्षाला जेवढे माहीत असावयास हवे तेवढेच लिहून देतो. हुकूम पोहोचवितो, अंतरे मोजतो, फासे टाकतो, नुकसान नोंदतो. संदिग्ध हुकूम आला तर तो दुरुस्त करून देत नाही; मैदानावरील अधिकारी त्याचा जो अर्थ लावील तोच लावतो. खेळाडूला नियम थोडे ठाऊक असले तरी चालते, पंचाला मात्र सगळे ठाऊक असावे लागतात. म्हणूनच हा खेळ शिकण्याची उत्तम रीत म्हणजे जाणत्या पंचाच्या हाताखाली प्रथम एखाद्या लहान तुकडीचा अधिकारी म्हणून खेळणे. त्याला फक्त एवढे लिहावे लागते की, मी अमुक ठिकाणी आहे, मला अमुक दिसते, आणि मी अमुक करणार. कोष्टके मागाहून आपोआप परिचयाची होतात.

असा हा खेळ १८२४ मध्ये प्रशियाच्या सेनेचे प्रमुख अधिकारी म्युफ्लिंग यांना दाखविण्यात आला. आरंभी त्यांचा चेहरा थंड होता, असे सांगतात. पण जसजसा नकाशावर प्रसंग उलगडत गेला, तसतसा त्यांचा उत्साह वाढला, आणि हा खेळ नसून युद्धाची शाळाच आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. त्यांनी जाहीरपणे त्याची शिफारस केली आणि राजाज्ञेने तो पलटणीपलटणींत पोहोचला. त्याच्या कर्त्याच्या वाट्याला मात्र हे यश फार काळ आले नाही. बढतीत डावलल्याचे आणि बर्लिनहून दूर टोरगाउ येथे बदली झाल्याचे दुःख त्याला असह्य झाले आणि १८२७ मध्ये त्याने स्वतःच्या हाताने आपले आयुष्य संपविले. त्याचा खेळ टिकला. पुढे मोल्टके सेनेचे प्रमुख झाल्यावर त्याला भरपूर उत्तेजन मिळाले, आणि १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा पराभव केल्यानंतर इतर देशांनीही तो उत्सुकतेने उचलला.

याच सुमारास नियमांचा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. नव्या बंदुका आल्या, नव्या तोफा आल्या, आणि त्यांच्याबरोबर कोष्टकेही वाढत गेली. एका फेरीचा हिशेब करण्यात इतका वेळ जाई की तरुण अधिकारी कंटाळत. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्याने सुचविले की, फासे आणि कोष्टके सोडून द्यावीत. पंच अनुभवी असेल तर त्याने आपल्या जाणिवेने निकाल द्यावा. खेळ त्यामुळे चपळ झाला यात शंका नाही. पण यात एक मोठी अट गृहीत धरली होती. पंच जाणता हवा, आणि तो निःस्पृहही हवा. कोष्टक कोणाच्या पदाला भीत नाही. पंच भिऊ शकतो.

विसाव्या शतकाच्या मध्यास हा खेळ सैन्याच्या आवाराबाहेर पडून घराघरांत आला, तेव्हा प्रश्नाने आणखी एक वळण घेतले. अमेरिकेतील बाल्टिमोरचे चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ मध्ये पटावरील युद्धाचा एक खेळ विक्रीस आणला आणि १९५८ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईवरील खेळ प्रसिद्ध केला. १९६१ पासून अशा पटांवर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी षट्कोनी घरे दिसू लागली. चौकोनावर तिरपी चाल सरळ चालीपेक्षा लांब पडते. षट्कोनाच्या सहाही दिशांना अंतर सारखेच राहते, हा त्याचा लाभ. पण घरी खेळणारे दोघेच. पंच आणावा कोठून? मग पंचाचे सारे शहाणपण कागदावर उतरवावे लागले. शत्रूच्या शेजारच्या घरात शिरले की थांबलेच पाहिजे, बळाचे प्रमाण तीनास एक असेल तर निकालाचे कोष्टक असे, रसद तुटली तर तसे. आधुनिक पुस्तिका जाड का असते, याचे उत्तर येथे आहे. ती पुस्तिका म्हणजे त्या रिकाम्या खुर्चीवर बसविलेला छापील पंच आहे. हे ओळखून ती वाचली की तिचा दुरावा बराच कमी होतो. आधी हालचाल, मग लढत, मग रसद, आणि अपवाद सर्वांत शेवटी, अशा क्रमाने तीही राइसवित्सच्या खेळासारखीच शिकता येते. मूळ खेळही आज उपलब्ध आहे. बिल लीसन यांनी १९८३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि तेव्हापासून हौशी मंडळी तो पुन्हा खेळू लागली.

नियम पाळण्याने काय साधते आणि ते वाकविण्याने काय होते, याचे एक उदाहरण इतिहासात नोंदलेले आहे. १९४२ च्या मे महिन्याच्या आरंभी जपानच्या आरमारी अधिकाऱ्यांनी ‘यामातो’ या युद्धनौकेवर मिडवे बेटावरील नियोजित स्वारीचा पट मांडला. संयुक्त आरमाराचे मुख्य कार्यवाह अधिकारी मातोमे उगाकी अध्यक्षस्थानी होते. खेळात मिडवेवरून उडालेल्या अमेरिकी विमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर हल्ला केला. फासे पडले आणि नऊ गोळे लागले, ‘आकागी’ व ‘कागा’ या दोन नौका बुडाल्या असा निकाल निघाला. उगाकींनी तो फिरविला. नऊ नव्हे, तीनच गोळे लागले; ‘कागा’ बुडाली, ‘आकागी’ला किरकोळ इजा झाली. आणि मोहिमेच्या पुढच्या भागात तर बुडालेली ‘कागा’ही पुन्हा तरंगत वर आली. त्या प्रसंगी उपस्थित असलेले अधिकारी मासाताके ओकुमिया यांनी हे पुढे लिहून ठेवले. ४ जून १९४२ रोजी खरी लढाई जुंपली, आणि ‘आकागी’, ‘कागा’, ‘सोर्यू’ व ‘हिर्यू’ या चारही विमानवाहू नौका जपानने गमावल्या.

ही हकीकत सांगताना एक गोष्ट न्यायबुद्धीने नमूद केली पाहिजे. उगाकींनी गोळ्यांची संख्या घटविली, यात केवळ हट्टच होता असे म्हणता येत नाही. बेटावरून येणाऱ्या विमानांचा नेम इतका अचूक नसतो असे त्यांना वाटले असल्यास, ते वाटणे खरेच ठरले. प्रत्यक्ष लढाईत मिडवेवरील विमानांचा एकही गोळा त्या नौकांना लागला नाही. त्यांचा घात केला तो अमेरिकी विमानवाहू नौकांवरून आलेल्या विमानांनी. म्हणजे फाशाचा आकडा चुकीचा असेलही, पण फाशाने विचारलेला प्रश्न बरोबर होता. आपल्या नौका अनपेक्षित माऱ्यात सापडल्या तर पुढे काय, हा तो प्रश्न. त्या पटाभोवती बसलेल्या अधिकाऱ्यांना त्याचे उत्तर शोधण्याची संधी एक महिना आधी मिळाली होती. बुडालेली नौका वर काढून त्यांनी उत्तर शोधण्याची गरजच नाहीशी केली.

अनुभवी पंचाने कोष्टकाचा आकडा नाकारावा, हे व्हेर्दीच्या मताला धरूनच होते. बुडालेली नौका पुन्हा लढविणे मात्र कोणत्याच मताला धरून नव्हते. विवेकाने नियमाला मुरड घालणे आणि इच्छेपुढे नियमाला वाकविणे, यांतील सीमारेषा बारीक आहे, आणि ती ओळखण्याची एकच कसोटी आहे. फिरविलेला निकाल स्वतःच्या विरुद्ध असता तरीही तो तसाच फिरविला असता काय, असे पंचाने स्वतःस विचारावे. राइसवित्सने पंचाला विश्वासातला माणूस का म्हटले, हे येथे उमगते. दोन्ही पक्षांचा विश्वास तर त्याने राखावयाचाच. पण त्याहून अधिक, नकाशावर ज्यांचे ठोकळे नाहीत अशा माणसांचा विश्वास त्याच्यावर असतो. खेळात चुकलेला हुकूम पुढच्या डावात सुधारता येतो. युद्धात तो हुकूम ज्याच्या नावाने निघतो, त्याला दुसरा डाव नसतो.

म्हणून हा खेळ शिकणाऱ्याने प्रत्येक नियमापाशी क्षणभर थांबावे आणि रणांगणावरील कोणती अडचण येथे उभी आहे ते पाहावे. चिठ्ठी उशिरा पोहोचते, टेकडीपलीकडचे दिसत नाही, दमलेला सैनिक लगेच उठत नाही, आणि कधी कधी सर्व काही नीट करूनही फासा उलटा पडतो. या चार गोष्टी ज्याला उमगल्या, त्याला राइसवित्सचा खेळ आला. पुढचा अभ्यास धीराचा आहे. पंचाने आपल्याविरुद्ध निकाल दिला की कागद पुढे ओढावा आणि शांतपणे पुढचा हुकूम लिहावा.